तिसरा रकाना

निवृत्त माणसाकडे लोक दोन कारणांनी येतात. एक म्हणजे त्याला वेळ असतो, आणि दुसरे म्हणजे पूर्वी जे काम तो पगार घेऊन करीत असे, ते आता चहाच्या कपावर करून देतो. दिवाळीनंतरच्या एका सकाळी माझी भाची या दोन्ही कारणांनी घरी आली. गंगापूर रस्त्यावरच्या एका महाविद्यालयात ती बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. काखेत एक जाडजूड फाईल होती.

‘मामा, तुम्ही आयुष्यभर बँकेत ताळेबंद तपासलेत. हा एवढा तपासून द्या. पैशांचा नाहीये, धुराचा आहे.’

आमच्या वेळी महाविद्यालयाचा धूर म्हणजे मागच्या टपरीवर मुले ओढीत त्या विड्यांचा. आता काळ बदलला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे 2003 नंतर पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पर्यावरण हा विषय घ्यावा लागू लागला. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2019 साली पर्यावरणस्नेही परिसराविषयी एक आराखडा काढून विद्यापीठांना दिला. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणारी ‘नॅक’ हरित लेखापरीक्षण झाले का, ऊर्जेचे झाले का, असे विचारू लागली. त्यामुळे जागोजागी अशा फायली तयार होत आहेत. भाचीची फाईल त्यांतलीच एक.

फाईल नीटनेटकी होती. पहिल्या पानावर शुभेच्छा, दुसऱ्यावर वृक्षारोपणाची छायाचित्रे आणि तिसऱ्यावर ठळक अक्षरांत संकल्प: आमचा परिसर आम्ही ‘कार्बन न्यूट्रल’ करू. म्हणजे जेवढा कर्बवायू, अर्थात कार्बन डायऑक्साइड, हवेत सोडू तेवढाच परत शोषून घेऊ. कधीपर्यंत, ते मात्र लिहिलेले नव्हते. त्यानंतर हिशेबाचे तीन रकाने.

हे तीन रकाने जगभर एकाच पद्धतीने आखतात. वॉशिंग्टनची एक संशोधन संस्था आणि जिनिव्हाची उद्योगांची एक परिषद यांनी मिळून 2001 साली ही पद्धत घालून दिली. पहिल्या रकान्यात आपल्या आवारात आपण जे जाळतो ते: कँटीनचा गॅस, जनरेटरचे डिझेल, संस्थेच्या गाडीचे इंधन. दुसऱ्यात विकत घेतलेली वीज. ती आपल्या आवारात धूर सोडत नाही, पण दुसरीकडे कुठेतरी सोडतेच. नाशिककरांना हे वेगळे सांगायला नको. एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्राच्या चिमण्या आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. तिसऱ्या रकान्यात उरलेले सगळे: विद्यार्थ्यांचे आणि प्राध्यापकांचे जाणे-येणे, कागद, बांधकामाचे सिमेंट, विकत घेतलेले सामान, टाकलेला कचरा.

भाचीच्या फायलीत पहिला रकाना भरला होता, दुसराही भरला होता. तिसऱ्यात आडवी रेघ मारून लिहिले होते, ‘माहिती उपलब्ध नाही.’

नोकरीत मला एक सवय लागली. कर्जदाराने ताळेबंद पुढे केला की भरलेल्या रकान्यांवर नजर टाकायची आणि कोऱ्या रकान्यावर बोट ठेवायचे. ‘इतर देणी’पुढे रेघ दिसली की समजावे, खरी गोष्ट तिथे आहे.

मी विचारले, ‘तू कॉलेजला कशी जातेस?’

‘स्कूटीवर. नाशिक रोडहून. का?’

मग आम्ही दोघे हिशेबाला बसलो. जाताना साधारण 12 किलोमीटर, येताना 12. रोजचे 24. तिची गाडी लिटरला 48 किलोमीटर जाते, म्हणजे रोज अर्धा लिटर पेट्रोल. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण 2.3 किलो कर्बवायू बाहेर पडतो. इथे मीच अडखळलो. लिटरभर पेट्रोलचे वजन पाऊण किलोच्या आसपास. त्यातून सव्वादोन किलोंहून अधिक वायू कसा निघेल? भाचीने समजावले. पेट्रोलमधला 12 ग्रॅम कार्बन जळताना हवेतला 32 ग्रॅम ऑक्सिजन ओढून घेतो आणि 44 ग्रॅम कर्बवायू होतो. व्याज मुद्दलापेक्षा जास्त, अशी ही सावकारी आहे.

रोजचा अर्धा लिटर, वर्षाचे कामाचे दिवस 200 धरले तर 100 लिटर पेट्रोल आणि 230 किलो कर्बवायू. आता याच्या शेजारी विजेचा आकडा ठेवा. आपल्या देशातली बरीचशी वीज अजून कोळशावर होते, त्यामुळे एका युनिटमागे सरासरी सातशे ग्रॅमच्या आसपास कर्बवायू पडतो. वीस वॅटची एक एलईडी नळी रोज आठ तास, 200 दिवस जळली तर 32 युनिटे होतात. म्हणजे वर्षाला साधारण 22 किलो. एकट्या भाचीची स्कूटी अशा दहा नळ्यांएवढी! आणि अहवालात वर्गांतल्या नळ्या बदलल्याचे दीड पान वर्णन होते. महाविद्यालयाच्या वाहनतळावर रोज किती गाड्या लागतात, याची मात्र एक ओळही नव्हती.

भाची गप्प झाली. मग म्हणाली, ‘पण हे आमचं आम्ही जातो-येतो. त्याचा कॉलेजशी काय संबंध?’

प्रश्न चुकीचा नव्हता. एखाद्याच्या कामामुळे जे देणे उभे राहते, ते त्याचे की दुसऱ्याचे, यावरच जगातले बहुतेक दावे चालतात. मला उत्तर सुचले नाही, पण एक द्राक्षबाग आठवली.

2014 च्या मार्चमध्ये मी निफाड तालुक्यातल्या एका शाखेत होतो. फेब्रुवारीच्या अखेरीस सुरू झालेली गारपीट मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रभर थांबून थांबून कोसळत होती. द्राक्षे काढणीला आलेली. पाऊस उघडल्यावर एका खातेदाराच्या बागेत पाहणीला गेलो. मांडवाखाली फुटलेल्या मण्यांचा चिखल झाला होता आणि आंबूस वास सुटला होता. तो गृहस्थ काही बोलला नाही. त्याने खताच्या, औषधांच्या पावत्या एका पिशवीतून काढून माझ्यापुढे ठेवल्या. त्यांत एक पावती महाविद्यालयाच्या फीची होती. त्याची मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती, एसटीने रोज नाशिकला जायची.

‘ही चुकून आली,’ असे म्हणून त्याने ती परत पिशवीत घातली. थोड्या वेळाने म्हणाला, ‘तिचं आता राहू द्यावं लागंल, साहेब.’

पीककर्जाचे पुनर्गठन झाले. त्याचे नियम असतात, ते मी पाळले. मुलीच्या फीसाठी कोणत्याही नियमात जागा नव्हती आणि मीही ती शोधली नाही. हे आज लिहिताना बरे वाटत नाही, पण खरे आहे.

एका गारपिटीचे खापर सरळ हवामानबदलावर फोडू नये, असे शास्त्रज्ञ सांगतात आणि ते योग्यच आहे. गारा पूर्वीही पडत. पण एवढे पक्के आहे की हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरून ठेवते, आणि पडायचे तेव्हा ते एकदम पडते. ऑक्टोबर छाटणीनंतरचा पाऊस आपल्या बागाईतदाराला आता अनोळखी राहिलेला नाही. 2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात तो आला, 2023 च्या नोव्हेंबरअखेरीस गारा घेऊन आला. हवेत साचत चाललेल्या कर्बवायूत त्या बागाईतदाराचा वाटा किती असेल? हप्ता मात्र त्याच्या दारात वसूल होतो.

पुढची गोष्ट 2016 ची. बँकेत कर्जदाराकडून ‘डी. पी. नोट’ घेतात. मागाल तेव्हा पैसे देईन, असे ते वचनपत्र. कायद्याने त्याचे आयुष्य तीन वर्षांचे. तीन वर्षांच्या आत कर्जदाराने ‘होय, हे देणे माझ्याकडे आहे’ असे पुन्हा लिहून दिले नाही, तर दावा मुदतबाह्य होतो आणि वचनाचा नुसता कागद उरतो. त्या सहीसाठी मी पुन्हा त्याच घरी गेलो. ओटीवर ती मुलगी पुस्तकात डोके घालून बसली होती. पुस्तक यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे होते. तिने तालुक्याच्या गावी अभ्यासकेंद्रात नाव घातले होते. सुट्टीच्या दिवशी संपर्कसत्राला जायचे, समंत्रकाला शंका विचारायच्या, बाकी घरी, बागेतली कामे सांभाळून. पुढे ती पदवीधर झाली आणि पिंपळगावला एका द्राक्ष पॅकिंगच्या ठिकाणी हिशेब लिहू लागली.

हे मुक्त विद्यापीठ आपल्या नाशिकचे. 1 जुलै 1989 ला त्याची स्थापना झाली, डॉ. राम ताकवले हे पहिले कुलगुरू. गंगापूर धरणाजवळ त्याचा परिसर आहे आणि ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद. हवामानबदलाचा अभ्यास करणारी आंतरराष्ट्रीय समिती त्याच्या जेमतेम एक वर्ष आधी, 1988 मध्ये, नेमली गेली होती आणि तिचा पहिला अहवालही यायचा होता. तेव्हा ताकवले सरांच्या डोळ्यांसमोर कर्बवायू नव्हता. शाळा सुटलेला कामगार, चूल सांभाळणारी गृहिणी, शेतावरची मुले होती. विद्यार्थ्याने विद्यापीठाकडे जाण्याऐवजी विद्यापीठाने त्याच्याकडे जावे, एवढाच विचार.

पण या विचाराचा धुराशीही संबंध निघाला. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठातील रॉबिन रॉय, स्टीफन पॉटर आणि कॅरेन यारो या संशोधकांनी तिथल्या निरनिराळ्या अभ्यासक्रमांचा हिशेब मांडला. तो 2008 साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या पूर्णवेळ महाविद्यालयीन शिक्षणाच्या तुलनेत दूरशिक्षणाला सरासरी 87 टक्के कमी ऊर्जा लागते आणि त्यातून 85 टक्के कमी कर्बवायू बाहेर पडतो, असे त्यांना आढळले. कारणे मोठी साधी होती: विद्यार्थ्यांचा प्रवास वाचतो, राहण्याच्या खोल्यांची ऊर्जा वाचते, आणि त्याच इमारतींत पुष्कळ जास्त विद्यार्थ्यांची सोय होते. गंमत म्हणजे छापील पुस्तकांऐवजी संगणकावर शिकवल्याने फार मोठा फायदा झाला नाही. संगणकाची वीज आणि मुलांनी घरी छापलेले कागद यांत बचत जिरून गेली. हे आकडे ब्रिटनचे आहेत. तिथे हिवाळ्यात खोल्या तापवाव्या लागतात, म्हणून ते जसेच्या तसे इथे लावता येणार नाहीत. पण बोट कुठे आहे ते पाहा: वर्गातल्या दिव्यावर नाही, रस्त्यावर आणि राहण्यावर आहे. नेमके तिसऱ्या रकान्यात.

मी हे भाचीला सांगितले, तेव्हा ती थोडी चिडूनच म्हणाली, ‘म्हणजे कॉलेजं बंद करायची का? सगळ्यांनी घरी बसायचं?’

मुळीच नाही. त्या निफाडच्या मुलीने मला एकदा सांगितले होते, ‘घरी बसून डिग्री झाली, काका, पण मैत्रिणी दुसऱ्या वर्षाच्याच राहिल्या.’ तिच्या पदवीला डिझेल फारसे जळले नाही; पण ते तिने निवडले नव्हते, तिच्यावर ते आले होते. ग्रंथालय, प्रयोगशाळा, भांडणे, नाटकाच्या तालमी, घराबाहेर पडण्याचे एक हक्काचे कारण, हे सगळे मिळून महाविद्यालय होते आणि त्यासाठी थोडा धूर झाला तर तो सार्थकी लागला असे मी म्हणेन. पण सार्थकी लागलेला खर्चही वहीत लिहावा लागतो. तो लिहिला की मग कळते, 500 मुले 500 गाड्यांवर येण्यात सार्थक काहीच नाही. तीच मुले बसने आली तरी शिक्षण तेवढेच होते. नाशिक महापालिकेची सिटीलिंक बससेवा 2021 च्या जुलैत सुरू झाली. महाविद्यालयाने तास सुटण्याची आणि बसची वेळ जुळवून मागितली, पासची खिडकी आवारात आणली, एका सहीसाठी विद्यार्थ्याला तीन फेऱ्या मारायला लावणे थांबवले, तर ते हिरव्या फलकांपेक्षा पुष्कळ जास्त होईल. कोरा रकाना यातले काहीच सुचवत नाही.

आता संकल्पाकडे येऊ. विद्यापीठांनी संकल्प सोडणे नवे नाही. 1990 मध्ये फ्रान्समधल्या तालवार गावी 22 विद्यापीठप्रमुखांनी पर्यावरणासाठी एका जाहीरनाम्यावर सह्या केल्या, पुढे शेकडो सह्या वाढल्या. नोव्हेंबर 2021 मध्ये ग्लासगोच्या परिषदेत भारताने 2070 पर्यंत ‘निव्वळ शून्य’ गाठण्याचे जाहीर केले. देशाचे गणित मोठे असते, त्याला दूरची मुदत लागते. पण एखादी संस्था 2070 चे वचन देते, तेव्हा माझ्यातला बँकवाला जागा होतो. त्या साली सही करणारा नसेल, सही घेणाराही नसेल. वसुली कोणी कोणाकडून करायची?

याउलट हार्वर्ड विद्यापीठाचे पाहा. 2008 साली त्यांनी ठरवले की 2006 चा आकडा पाया धरून 2016 पर्यंत उत्सर्जन 30 टक्क्यांनी कमी करायचे, इमारती वाढल्या तरी त्यांच्यासकट. पाया ठरलेला, आकडा ठरलेला, मुदत आठ वर्षांची. 2016 मध्ये त्यांनी ते गाठल्याचे जाहीर केले आणि 2018 मध्ये पुढची वचने दिली, एक 2026 चे, एक 2050 चे. श्रीमंत विद्यापीठ आहे, त्यांना परवडते, हे खरे. पण मुदत घालायला पैसे लागत नाहीत.

आणि झाडे? अमेरिकेतल्याच व्हर्मांट राज्यातील मिडलबरी कॉलेजने 2007 मध्ये संकल्प केला, लाकडाच्या चिपांवर चालणारे संयंत्र 2009 मध्ये बसवले, प्रामाणिकपणे धूर घटवला आणि 2016 च्या डिसेंबरात ‘आम्ही शून्यावर आलो’ असे जाहीर केले. पण शेवटची वजाबाकी करताना त्यांनी आपल्या मालकीचे दोन हजार एकरांहून अधिक जंगल कायमचे राखून ठेवल्याचे जमेत धरले. जंगल राखले हे उत्तमच. तरी मनात येते, ते तर आधीपासून उभेच होते. आजोबांच्या वाड्यावर नातवाने कर्ज फेडल्याचा दाखला मागावा, तसे काहीसे. आपल्याकडे तर राखलेले जंगलही नसते, जूनमध्ये लावलेली रोपे असतात. चांगले वाढलेले झाड ढोबळ हिशेबाने वर्षाला वीस-बावीस किलो कर्बवायू घेते. भाचीच्या एका स्कूटीला अशी दहा-अकरा झाडे लागतील, तीही मोठी झालेली. रोप लावणे म्हणजे ठेवीचा पहिला हप्ता भरणे. एप्रिलमध्ये पाणी न मिळता ते वाळले की ठेव मुदतीआधीच मोडली.

फाईल परत देताना मी भाचीला म्हटले, तिसरा रकाना भरा. सगळा जमणार नाही, जाणे-येणे तरी भरा. मग आठवडाभर ती आणि तिच्या मैत्रिणी वह्या घेऊन फाटकाशी उभ्या राहिल्या. येणाऱ्या प्रत्येकाला कुठून आलात, कशाने आलात, एवढे दोनच प्रश्न. काही हसले, काही चिडले, पण बहुतेकांनी सांगितले. रविवारी ती पुन्हा माझ्याकडे आली, चेहरा पडलेला.

‘मामा, आकडा केवढा वाढला! आमच्या मॅडम म्हणतात, असा अहवाल पाठवला तर वाईट दिसेल.’

मी तिला 1992 सालची गोष्ट सांगितली. नरसिंहम समितीच्या शिफारशींनंतर रिझर्व्ह बँकेने सांगितले की जे व्याज हातात आले नाही ते उत्पन्न म्हणून दाखवायचे नाही आणि बुडीत कर्जासाठी तरतूद करायची. तोपर्यंत आम्ही वसूल न झालेले व्याजही जमेला धरीत होतो आणि नफा दाखवीत होतो. नवे नियम आले आणि 1992-93 च्या ताळेबंदात अनेक सरकारी बँका एकदम तोट्यात दिसल्या. लोक घाबरले, आम्हीही घाबरलो. पण बँका त्या वर्षी बुडाल्या नव्हत्या, त्या वर्षी त्यांनी खरे लिहिले होते. वसुलीला जोर त्यानंतरच आला, कारण कोणाकडून काय यायचे ते तेव्हा प्रथम डोळ्यांसमोर आले.

‘वाढलेला आकडा पाठवायचा,’ मी म्हटले, ‘आणि खाली लिहायचे, हा आमचा पाया. यातून इतके, इतक्या सालापर्यंत कमी करू.’

तिने रकान्यात पहिली नोंद स्वतःची केली: नाशिक रोड, दुचाकी, वर्षाला 230 किलो. मग माझ्याकडे पाहून विचारले, ‘मामा, तुम्ही रोज सार्वजनिक वाचनालयात कशाने जाता?’ मी खरे सांगितले. स्कूटरनेच जातो, दोन किलोमीटरसुद्धा नाही. तो आकडा ती महाविद्यालयाच्या वहीत लिहू शकत नव्हती, म्हणून तिने एका वेगळ्या कागदावर लिहिला आणि माझ्यापुढे सहीला ठेवला. मी सही केली, खाली तारीख घातली. जुन्या सवयीने तिच्या शेजारी नूतनीकरणाची तारीखही लिहिली, तीन वर्षांच्या आतली.